जर्मनचे ऑडिओ धडे: आधी कोणता, मग कोणता?

अक्कलकोटहून रोज एसटीने सोलापूरला येणाऱ्या, जीएनएम नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने विचारलं आहे: "मॅडम, फोनमध्ये जर्मनचे दोनशेच्या वर ऑडिओ धडे उतरवून ठेवलेत. 'रेडिओ डे' आहे, 'डॉइच – वारुम निश्ट?'चे चारही भाग आहेत, 'निकोस वेग' आहे, हळू वाचलेल्या बातम्या आहेत, शिवाय कुणीतरी पाठवलेली हजार वाक्यं आहेत. दोन महिने झाले, रोज काहीतरी ऐकते. पण कुठून सुरू करू आणि कुठं जाऊ, कळंना झालंय. लेव्हलप्रमाणे लावू, विषयाप्रमाणे लावू, की सोपं वाटेल तसं ऐकू? आणि संध्याकाळच्या गाडीत ऐकता ऐकता झोप लागते, त्याचं काय करू?"

दोन महिन्यांत तुम्ही काय ऐकलं असेल, ते मी न बघता सांगते. प्रत्येक मालिकेचे पहिले सात-आठ धडे. 'गुटन टाग, इश हाइसं अमुक, इश कोमं आउस तमुक' हे पाच वेगवेगळ्या आवाजांत ऐकून झालं असेल. सातव्या-आठव्या धड्याला गाडी अडली की वाटतं, ही मालिकाच बरोबर नाही, दुसरी बघू. दुसरीत पहिले धडे सोपे जातात (जाणारच, तिसऱ्यांदा ऐकताय), म्हणून हुरूप येतो. मग तीही सातव्या धड्याला अडते. एकोणीस वर्षं सोलापुरात जर्मन शिकवते आहे, माझ्याकडे येणारी निम्मी मुलं अशीच येतात. नाव-गाव-वय एकदम झकास, आणि पुढं शुकशुकाट.

तेव्हा आधी निकाल सांगते, मग कारणं. एक मालिका धरायची आणि ती संपेपर्यंत दुसरी उघडायची नाही. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मागावर आधी बीम चढते, उभे धागे ताणून बसतात, तेव्हा कुठं धोटा आडवा धावतो. बीमच चढवली नाही तर नुसता धोटा पळवून कापड निघत नाही. तुमच्याकडे धोटे पाच आहेत आणि बीम एकही नाही.

मला निवड करायचा प्रश्नच आला नव्हता. नव्वदच्या दशकात वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्हची खरखर पार करून डॉइचे वेले हे जर्मन रेडिओ स्टेशन लागायचं, आणि जर्मनचा धडा जेव्हा लागेल तेव्हाच ऐकायचा. लाइट, पाऊस, पाहुणे यांत तो चुकला की चुकला. पुढं पुण्याच्या एका ताईकडून कॅसेटा मिळाल्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या अदलाबदल झालेल्या होत्या, म्हणून दुसऱ्या भागाच्या जागी मी तिसरा भाग ऐकत बसले, तब्बल तीन महिने. त्यात सारखं 'गेस्टर्न वार...' यायचं. गेस्टर्न म्हणजे काल, एवढं माहीत होतं. मी धरून चालले की 'वार' म्हणजे आपला वारच, सोमवार-मंगळवारातला. कालचा वार! 'वार' म्हणजे 'होता', भूतकाळ सुरू झालाय आणि मला त्याचा पत्ता नाही, हे कळायला ती चिठ्ठी उकलावी लागली. धड्यांचा क्रम चुकला तर काय होतं हे तेव्हा कळलं: माणूस अडत नाही, आपल्या मनाने अर्थ लावत पुढं जातो, आणि ते चुकीचे अर्थ नंतर उपटून काढायला दुप्पट वेळ जातो.

आता तुमच्या फोनकडे येऊ. पहिल्यांदा एक बारीक काम करा, कारण याच्यामुळे किती जणांचा क्रम बिघडतो सांगता येत नाही. फाइलींची नावं १, २, ३ अशी असतील तर बरेच फोन त्या १, १०, ११, १२ अशा लावतात, आणि २ येतो एकोणिसाच्या नंतर. पहिल्या धड्यानंतर दहावा ऐकून 'जर्मन फार अवघड बाई' म्हणणारी मुलगी मी पाहिली आहे. नावं ०१, ०२ अशी करून घ्या. शंभराच्या वर धडे असतील तर ००१ करा. आणि शफल बंद करा.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस कुठलीच मालिका नको. फक्त आवाज, अक्षरं आणि आकडे. हे लोक गाळतात, 'ते काय, येतंच' म्हणून. माझ्या मते सगळ्या क्रमात हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि मराठी कानाला इथं जे फुकट मिळतं ते इंग्रजीतून शिकलात तर वाया जातं.

जर्मनमधलं झेड हे अक्षर घ्या. इंग्रजीच्या सवयीने मुलं 'झ' म्हणतात. खरा उच्चार आपल्या 'चाक', 'चमचा' यातल्या 'च'चा आहे. 'चार'मधला नव्हे, 'चाक'मधला. त्साइट म्हणजे वेळ, त्सान म्हणजे दात, त्सूक म्हणजे आगगाडी. तुम्ही हा आवाज आईच्या मांडीवर शिकलात, त्याला वेगळा धडा कशाला? घशातला 'ख़' आपल्या गावात कुणाला नवा नाही. शेजारच्या दखनी बोलणाऱ्या घरात 'ख़बर' ऐकत मोठे झालोय आपण, तोच 'नाख़' आणि 'बूख़'मध्ये आहे. 'इश'मधला शेवटचा आवाज मात्र पूर्ण 'श' नाही, मी देवनागरीत दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून तसं लिहिते. 'ह्याला' हा शब्द कुजबुजत म्हणा. सुरुवातीला जी हवा टाळूला घासून जाते, तो आवाज. आणि ओठांचे दोन खेळ: ओठ 'ऊ'चे ठेवून 'ई' म्हणायचं, ओठ 'ओ'चे ठेवून 'ए' म्हणायचं. दुसरा जमला नाही तर 'सुंदर' आणि 'आधीच' या दोन शब्दांत फरक उरत नाही, दोन्ही 'शोन' होतात.

शब्दाच्या शेवटचे आवाज नीट ऐका. लिहिताना शेवटी 'ग', 'ड' असले तरी बोलताना ते 'क', 'ट' होतात. दिवस म्हणजे 'टाक', आणि 'आणि' म्हणजे 'उंट'. हो, उंट. पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग हसतो आणि हा शब्द जन्मात विसरत नाही. (सुरुवातीला मी 'टाग' लिहिलं ते सगळे तसं लिहितात म्हणून. कानाने 'टाक'च ऐका.)

अक्षरांची नावं पाठ झाली नाहीत तर पुढं परीक्षेत मार बसतो. ए-१ च्या तोंडी परीक्षेत अक्षरं सुटी करून सांगायला लावतात. (जर्मनच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात, ए-१ सर्वांत खालची.) जर्मन माणूस 'ई' म्हणतो तेव्हा त्याला इंग्रजीतलं 'आय' म्हणायचं असतं, आणि 'ए' म्हणतो तेव्हा इंग्रजीतलं 'ई'. डब्ल्यूला 'वे', व्हीला 'फाउ', जेला 'योट'. तुमचं स्वतःचं नाव, आडनाव आणि 'अक्कलकोट' ही तीन नावं रोज एकदा सुटी करून म्हणा. दहा दिवसांत पक्कं होतं.

आकड्यांत तर आपण राजे आहोत. एकवीसला जर्मनमध्ये 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे एक-आणि-वीस. एकक आधी, दशक मागून. इंग्रजीवाल्यांना याचा घाम फुटतो, पण एकवीस, पंचवीस, बासष्ट हे आपलं तसंच आहे की. अट एकच, मनात इंग्रजी आकडा आणायचा नाही. मराठीत ऐका, मराठीत लिहा. ठेच लागते एकोणतीस, एकोणचाळीस अशा ठिकाणी. आपण 'एक कमी तीस' म्हणतो, ते सरळ 'नऊ-आणि-वीस' म्हणतात. एकोणऐंशीपर्यंत हे सांभाळा, नव्याऐंशी आणि नव्व्याण्णवला आपणही त्यांच्यासारखेच होतो. फोन नंबर सांगताना दोनला 'त्स्वाय'ऐवजी 'त्स्वो' ऐकू आलं तर दचकू नका. 'ड्राय' म्हणजे तीनशी गल्लत नको म्हणून ते तसं म्हणतात.

आणि घड्याळ. 'हाल्प फीअर' म्हणजे शब्दशः अर्धे चार. आपला कान चटकन 'साडेचार' लिहितो. ते साडेतीन असतात: चौथा तास अर्धा झालाय, असा हिशोब. आपल्या 'अडीच'मध्ये हाच हिशोब लपलाय, तो शब्द अर्धतृतीय म्हणजे 'तिसरा अर्धा' यातून आला. तर अडीच म्हणजे 'हाल्प ड्राय', हे जोडून ठेवलं की चूक होत नाही.

हे झालं की बीम चढवायची. तुमच्याकडच्या मालिकांत मी तुम्हाला 'डॉइच – वारुम निश्ट?' घ्यायला सांगेन. एका भागात सव्वीस धडे, चार भाग, म्हणजे एकशे चार. हॉटेलात दरवानाचं काम करणारा, पत्रकारिता शिकणारा आंद्रेआस आणि त्याच्याबरोबरची न दिसणारी एक्स, अशी गोष्ट आहे. व्याकरण वाटेत समजावत जातात आणि चारही भाग संपले की बी-१ पर्यंत पोचतो माणूस. 'रेडिओ डे' जास्त चटपटीत आहे, पाउला आणि फिलिप हे दोन पत्रकार शोध घेत फिरतात, सोबत बोलणारं घुबड आहे. पण तिचे दोनच भाग, आणि तिथं अंदाजावर जास्त भर. ज्याला हौस म्हणून शिकायचंय त्याला मी तीच देते. तुम्हाला नर्स म्हणून जायचंय, म्हणून लांब पल्ल्याची गाडी घ्या. मालिका जुनी आहे. कुठं 'मार्क' ऐकू आला तर ते जुनं चलन, युरोच्या नोटा-नाणी १ जानेवारी २००२ पासून आली. आणि कुणाला 'फ्रॉइलाइन' (जुन्या पद्धतीचं 'कुमारी') म्हणायचं धाडस करू नका, बाईला सरळ 'फ्राउ' म्हणायचं.

'निकोस वेग' नवीन आहे, छान आहे, फुकट आहे, मग ते का नको? कारण ते डोळ्यांसाठी केलंय. तो व्हिडिओ आहे, तुम्ही त्याचा नुसता आवाज एसटीत ऐकताय. पडद्यावर मुलगा बॅग विसरतो ते दिसतं, कानाला फक्त 'ओह! नाइन!' (अरे, नाही!) येतं. रेडिओसाठी लिहिणाऱ्याला माहीत असतं की ऐकणारा आंधळ्यासारखा आहे, म्हणून तो दाराचा आवाज, पावलं, 'अरे, हे पत्र कुणाचं?' हे सगळं संवादात घालतो. प्रवासासाठी कानाकरता केलेलंच घ्या. निको ठेवा पहिला भाग संपल्यावरच्या सुट्टीसाठी. घरी बसून ए-१ चे व्हिडिओ एका दमात बघा. सत्तर-ऐंशी टक्के सहज कळलं की जो आनंद होतो, तो पुढच्या भागाला पुरतो.

आता मालिकेच्या आतला क्रम. इथं १, २, ३, ४ असं सरळ जाऊ नका. आठवड्यात नवे धडे तीनच: सोमवार, बुधवार, शुक्रवार. दहावा नवा असेल त्या दिवशी नववा, सातवा आणि तिसरा हेही ऐकायचे, म्हणजे एक मागचा, तीन मागचा आणि सात मागचा. प्रत्येक धडा असा वाढत्या अंतराने परत भेटतो. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने अर्थहीन अक्षरं पाठ करून स्वतःच्याच विसरण्याची मोजदाद केली आणि १८८५ साली छापली. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, हे त्यात दिसलं. म्हणून पहिली भेट लवकर, पुढच्या लांबल्या तरी चालतात. मंगळवार-गुरुवार-शनिवारी नवं काही नाही, कालचाच धडा हातात मजकूर धरून. सव्वीस धड्यांना नऊ आठवडे, चारही भागांना पस्तीस. आठ महिने झाले. ज्याला हे फार वाटतं त्याने माझ्या त्या तीन महिन्यांच्या कॅसेटा आठवाव्यात.

नवा धडा पहिल्यांदा मजकूर न बघता ऐका, दोनदा. किती माणसं बोलतायत, कुठं आहेत, रागावलेत की हसतायत, एवढंच पकडा. मग मजकूर. मजकूर आधी वाचला की कान काम सोडून देतो, डोळ्यांनी वाचलेलंच त्याला ऐकू येतं. तिसऱ्या वेळी बोलणाऱ्याच्या मागोमाग पुटपुटत जा. एसटीत लोक बघतात, बघू द्या. नवा धडा मात्र मागांच्या खडखडाटात किंवा गड्ड्याच्या जत्रेतल्या भोंग्याखाली ऐकू नका, कारण शब्दाच्या शेवटचे क, ट, न आधी बुडतात आणि जर्मनमध्ये अर्धं व्याकरण शेवटातच असतं.

पुढं जायचं की थांबायचं, हे कसं ठरवायचं? नव्या धड्यातलं मजकुराशिवाय साधारण निम्मं कळलं तर चाललंय ते बरोबर आहे. काहीच कळलं नाही तर दोन धडे मागं जा, चार नको. सगळंच कळलं, कारण कॉलेजात थोडं जर्मन झालंय, तर पाचवा, दहावा, पंधरावा असे टप्प्याने ऐकत जा, आणि जिथं अडखळाल त्याच्या दोन मागून सुरुवात करा. पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचं नाही. त्या खोडीनेच दोन महिने खाल्ले.

आठव्या-नवव्या धड्याच्या सुमाराला क्रियापदं फुटायला लागतात, आणि बहुतेक जण तिथंच मालिका बदलतात. 'इश रूफं डिश मॉर्गन आन': मी तुला उद्या फोन करीन. फोन करण्यातला 'आन' हा तुकडा वाक्याच्या पार टोकाला. पुढं 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं की अख्खं क्रियापद टोकाला जातं. इंग्रजी माध्यमातली मुलं इथं हैराण होतात. तुम्ही मराठीत रोज काय करता? 'मी उद्या सकाळी नवी पेठेतून आईसाठी साडी...' इथपर्यंत ऐकून पुढं 'घेतली', 'आणली' की 'परत केली' हे तुम्ही ठरवता का? थांबता. तोच संयम जर्मनसाठी. तो, ती, ते ही तीन लिंगंही आपल्याकडे आहेत, फक्त ती त्यांच्या लिंगांशी जुळतील अशी आशा ठेवू नका. आपला सूर्य 'तो', त्यांची 'ती'. आणि 'मुलगी' या शब्दाला ते 'डास' लावतात, म्हणजे नपुंसकलिंग. 'ते पोरगं' म्हणणाऱ्यांना त्याचं नवल वाटायला नको.

विषयाप्रमाणे लावू का, असं विचारलंत. परीक्षेआधीचे तीन आठवडे सोडून नको. त्या तीन आठवड्यांत मात्र तसंच लावा. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योटं इन्स्टिट्यूटच्या ए-१ परीक्षेत ऐकण्याचे तीन भाग असतात. पहिला आणि तिसरा दोनदा ऐकवतात, दुसरा एकदाच. त्या दुसऱ्यात जाहीर सूचना असतात, स्टेशन-दुकानातल्या. आपल्या स्टेशनवर भोंगा कितीही घोगरा असला तरी 'गाडी क्रमांक' म्हटल्यापासून पुढं काय येणार ते आपल्याला ठाऊक असतं. आपण फक्त गाडीचं नाव आणि फलाट टिपतो. जर्मन सूचनाही ठरलेल्या साच्यात येतात: गाडी कुठली, 'ग्लाइस' म्हणजे फलाट किती, 'फेरश्पेटुंग' म्हणजे उशीर किती मिनिटं. साचा पाठ, कान फक्त आकड्यावर.

हळू वाचलेल्या बातम्या आत्ता बंद. 'हळू आहे म्हणजे सोपं' हा समज चुकीचा आहे. वेग कमी केलाय, शब्द तेच आहेत: केंद्र सरकार, वाटाघाटी, अर्थसंकल्प. तुम्हाला 'वो टूट एस वे?' म्हणजे 'कुठं दुखतंय?' हे आधी लागणार. शिवाय हळू वाचताना प्रत्येक अक्षर सुटं येतं, आणि खरी माणसं तसं बोलत नाहीत. 'हास्ट डू'चं 'हास्टं' होतं, 'हाबन'चं 'हाम'. बी-१ पक्का झाला की बातम्या सुरू करा, आणि मजकूर बघून हळू आणि नेहमीच्या वेगातल्या अशा दोन्ही ऐका, एकापाठोपाठ.

नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला बहुतेक ठिकाणी बी-२ लागतं, म्हणजे मालिका संपली तरी रस्ता उरतोच. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून माझ्याकडे तिकडचंच विचारणारी मुलं जास्त येतात. तिकडं जायचं ठरलं तर शेवटच्या टप्प्यात तिथल्या बोलीचे तुकडे ऐका. तिथले म्हातारे पेशंट 'इस्ट'ला 'इश' म्हणतात, थोडंसं म्हणायला 'बिस्सले', नमस्कार 'ग्र्यूस गॉट'. पण हे बी-१ नंतर. आधी ऐकलंत तर प्रमाण जर्मन 'इश' म्हणजे 'मी' आणि हा 'इश' म्हणजे 'आहे' यांची खिचडी होईल. सोलापुरात अनेक घरांत मराठीबरोबर तेलुगू नाहीतर कन्नड असतंच, तेव्हा बोलींची मिसळ आपल्या कानाला नवी नाही. वेळ आली की जमेल.

त्या हजार वाक्यांची फाइल काढून टाका, जागा तरी मोकळी होईल. संदर्भाशिवाय सुटं वाक्य कानात राहत नाही, आणि त्यातली पहिली पन्नास तुम्हाला दोन महिन्यांत पाठ झालीच असतील.

झोपेचं राहिलं. सकाळच्या गाडीत कालचा धडा आणि नवा धडा, कारण तेव्हा डोकं ताजं असतं. संध्याकाळी फक्त जुने, तीन मागचा आणि सात मागचा. ते ऐकता ऐकता डोळा लागला तर लागू द्या, वॉर्डात दिवसभर उभ्या असता. झोपेत ऐकून नवं काही शिकता येत नाही, म्हणून नवा धडा तेवढा झोपेच्या वाट्याला देऊ नका. अक्कलकोट आलं की कंडक्टर उठवतीलच.